बाबांचं एक्सप्लनेशन

आमच्या चाळीत माणसाला ताप यायचा, खोकला यायचा, तसं एक्सप्लनेशन यायचं. अमक्याला एक्सप्लनेशन आलंय, असं कुणी सांगत आलं की नळावरच्या बायका हंडा तसाच वाहता ठेवून विचारायच्या, किती दिवसांचं? म्हणजे किती दिवसांत उत्तर द्यायचंय. इंग्रजी तिथं कुणालाच येत नव्हतं. माझ्या बाबांचं शिक्षण सहीपुरतं, आईचं तेवढंही नाही. पण हा एक शब्द सगळ्यांच्या तोंडात बसला होता. नवरा उशिरा घरी आला की बायको दारातच म्हणायची, आधी एक्सप्लनेशन दे, मग चपला काढ. पोराच्या हातून कपबशी फुटली की बाप म्हणायचा, याचं एक्सप्लनेशन घ्या. आणि याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. एक्सप्लनेशन द्यायचं म्हणजे मान खाली घालायची आणि चुकलो म्हणायचं. का चुकलो, कसं चुकलो, हे कुणी विचारत नव्हतं आणि कुणी सांगतही नव्हतं.

हा शब्द यायचा बिस्किटाच्या कारखान्यातून. आमच्या चाळीतले जवळजवळ सगळे पुरुष तिथं कामाला. आमचं गोडदेव तेव्हा गावच होतं, आजच्यासारखं इमारतींच्या मध्ये हरवलेलं नव्हतं. चाळ एका आगरी मालकाची, पाच खोल्या, कुडाच्या भिंती, वर कौलं. मागे भातशेती, त्याच्या पलीकडे मिठागरं. वारा आमच्या बाजूला वळला की भाजलेल्या मैद्याचा आणि वनस्पती तुपाचा वास घरात शिरायचा. पहिल्या महिन्यात त्या वासानं भूक लागायची, पुढे पुढे मळमळायचं. कामगारांना तुटक्या बिस्किटांचा चुरा मिळायचा. सकाळी चहात मूठभर चुरा टाकून आम्ही चमच्यानं खायचो, तोच नाश्ता. संध्याकाळी कुळथाची पिठी आणि भात, फार तर भाजलेली सुकट. आई मिठागरावर मिठाच्या पाट्या वाहायला जायची. तिच्या टाचांना भेगा पडलेल्या, त्यात मीठ जायचं. घरी आली की ती आधी पाय गोड्या पाण्यात बुडवून बसायची आणि तेवढा वेळ कुणाशी बोलायची नाही. ती गप्प बसलेली असताना भिंतीपलीकडून खोकला ऐकू यायचा, तो काकीचा.

सखाराम काका आणि काकी आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. काका आमच्याच तालुक्यातले, आमच्याच समाजातले. बाबांनीच त्यांना गावाहून आणून कारखान्यात चिकटवलं होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकीला छातीचा आजार होता. दवाखान्यात सुया टोचून टोचून दंड निळे झालेले, हातात वाटी धरण्याएवढंही बळ नव्हतं. सकाळी आई तिला पेज करून ठेवायची, पण भरवायला ती थांबू शकत नव्हती, मिठागराचा मुकादम वाट बघत नसे. मला तर आईनं तिच्या खोलीचा उंबरा ओलांडायलाच बंदी केली होती. आणि खरं सांगायचं तर काकीही दुसऱ्या कुणाच्या हातून खायची नाही. तोंड मिटून घ्यायची. तिला फक्त काकांनी भरवलेलं चालायचं.

म्हणून काका रोज दुपारी घरी यायचे. सुट्टीत नाही, चालू भट्टीवरून. भट्टीवर दोघे असायचे, बाबा आणि काका. एकानं आच बघायची, दुसऱ्यानं ट्रे ओढायचे. भट्टी बंद होत नसे, म्हणून जेवणसुद्धा आळीपाळीनं. काका आपली जेवणाची पाळी घ्यायचे आणि वर अर्धा तास बाबांच्या जिवावर काढायचे. मागच्या भिंतीला एक खिंडार होतं, तिथून निघाले की दहा मिनिटांत चाळीत. मी सकाळच्या शाळेतून आलेला असायचो आणि बाबांचा डबा गरम करून घेऊन निघायचो. काकीच्या दारावरून जाताना रोज दिसायचं, काका उकिडवे बसलेत, वाटीतली पेज फुंकून फुंकून चमचा तिच्या तोंडाशी नेतायत. एक चमचा, मग थांबायचं. वॉचमनला हे ठाऊक होतं, सुपरवायझरला ठाऊक होतं, मोठ्या साहेबालाही नसेलच असं मला वाटत नाही. पण कागदावर कुठं नव्हतं. कागदावर नाही तोवर कारखान्यात काहीच घडलेलं नसतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

एके दिवशी काका घरी आलेले असताना भट्टीत ट्रे अडकला. दोघं असते तर एकानं दांडा दाबून दुसऱ्यानं ओढून काढला असता. बाबा एकटे. त्यांनी ओढायचा प्रयत्न केला, मनगट भाजून घेतलं, आणि पूर्ण घाणा कोळसा झाला. तो जळका वास चाळीपर्यंत आला. काकांनी तो ओळखला असणार, कारण ते वाटी तशीच ठेवून पळत सुटले, चप्पलसुद्धा न घालता. मी डबा घेऊन मागोमाग गेलो तर बाबा भट्टीशेजारी उभे, हाताला कुणीतरी पीठ लावलेलं, आणि सुपरवायझर सगळ्यांसमोर त्यांच्यावर तोंड सोडतोय. काका तोवर खिंडारातून आत येऊन आपल्या जागेवर उभे राहिले होते. बाबांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांना एक्सप्लनेशन आलं. दोन दिवसांचं.

असले कागद लिहून द्यायचं काम टाइम ऑफिसातल्या परेरांचं. ते उत्तनकडचे, साहेबाच्या वतीनं मेमो टाइप करायचे तेच आणि कामगाराच्या वतीनं उत्तर लिहायचे तेही तेच. सगळ्यांना एकच मजकूर. साहेब, माझ्या हातून नजरचुकीनं असं झालं, पुन्हा होणार नाही, कृपा करून माफी असावी, आपला आज्ञाधारक. खाली सही. मशीन मोडो, उशीर होवो, की मारामारी होवो, हेच. फाइलला लागलं की विषय संपला. अशी तीन झाली तर माणूस बाहेर, पण बाबांचं याआधी एकच झालेलं होतं. त्यांना काळजी नव्हती. अडचण एवढीच की परेरा भाचीच्या लग्नाला गावी गेले होते आणि आठवडाभर येणार नव्हते.

म्हणून बाबांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. मी नववीत होतो. चाळीत इंग्रजी शिकणारा मी एकटा. बाबांनी रद्दीवाल्याकडून माझ्यासाठी डिक्शनरी आणली होती, तिला पुठ्ठा नव्हता, पण ती आमच्या घरात फोटोखालच्या फळीवर, बुद्धवंदनेच्या पुस्तकाशेजारी असायची. मला मजकूर सांगून बाबा म्हणाले, परेरा लिहितात तसं लिही, जास्त शहाणपणा नको. मी डिक्शनरी उघडली. तिच्यात लिहिलं होतं, स्पष्टीकरण, खुलासा, कारण सांगणं. माफीचं नाव नव्हतं. म्हणून मी चुकलो, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. चाळीत त्या शब्दाचा अर्थ काय हे मला शेंबड्या वयापासून माहीत होतं. पण विहारात दर रविवारी ऐकायचो, अपराध नसताना मान झुकवू नका. आणि आदल्या दिवशी त्या सुपरवायझरनं माझ्या बापाला आईवरून शिवी दिलेली मी ऐकली होती. मला बापाचं नाव धुऊन काढायचं होतं. आणि थोडं हेही होतं की माझं इंग्रजी कारखान्यात वाचलं जाणार होतं.

मी पूर्ण संध्याकाळ खपून लिहिलं. माझा दोष नाही. भट्टीवर दोन माणसांची ड्यूटी आहे. सखाराम हा रोज दुपारी प्रायव्हेट वर्कसाठी भट्टी सोडून जातो. त्या दिवशीही तो नव्हता. सहा ओळी. अक्षर माझं चांगलं होतं, आजही आहे. बाबा जेवून उठले, हात पुसून त्यांनी पेन घेतलं आणि लक्ष्मण सोनू जाधव असं एकेक अक्षर मांडत सही केली. मग कागद दिव्याजवळ धरून बघत राहिले, जणू कळत असावं.

"काय लिवलंस?"

"परेरा लिहितात तेच."

ते खूश झाले. आईला म्हणाले, बघ, आता परेराच्या पाया पडायला नको. आईनं मला जास्तीचा भात वाढला. मी खाल्ला.

इथं मधेच एक सांगतो. मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीनं मलाच नोटीस काढली. मी आता पूनम सागरमधल्या एका फ्लॅटमध्ये राहतो, एकटाच. मुलगा-सून पुण्याला. माझी बायको शालिनी हिला जाऊन आठ महिने झाले. आजारपणात तिला घरात कोंडल्यासारखं व्हायचं, म्हणून मी लिफ्टसमोर पॅसेजमध्ये एक खुर्ची ठेवली होती. ती तिथं बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांशी हिंदीत, गुजरातीत, जमेल त्या भाषेत बोलायची. ती गेल्यावर मी खुर्ची उचलली नाही. सेक्रेटरीचा मेसेज आला, अंकल, पॅसेज में चेअर क्यूँ है, कमिटी को एक्सप्लनेशन चाहिए. मी काय कारण सांगणार होतो? लिहून दिलं, चूक झाली, पुन्हा होणार नाही. खुर्ची आत घेतली. कमिटीला ते पटलं. इतक्या वर्षांत त्या शब्दाचा अर्थ तिळभर हललेला नाही.

असो. कागद गेल्यावर तिसऱ्या दिवशी सखाराम काकांना कामावरून काढलं. त्यांना एक्सप्लनेशनही मागितलं नाही. त्यांच्या हातात कागद आला तो थेट शेवटचा. चाळीला काही कळेना. बाबा तर चक्रावले, कारण मोठ्या साहेबानं त्यांना बोलावून पाठीवर थाप मारली होती आणि म्हटलं होतं, जाधव, तुम्ही साफ लिहिलंत ते बरं केलंत. बाबा घरी येऊन मला विचारत होते, साफ म्हणजे काय रे, अक्षर का? मी हो म्हटलं. हे दुसरं खोटं. भिंतीपलीकडे काका दिवसभर घरात होते, त्यांच्या पावलांचा आवाज येत होता, आणि बाबा त्यांना दारात जाऊन सांगत होते, मी बोलतो साहेबाशी, काहीतरी घोळ झालाय.

मग परेरा परत आले. मी दुपारी डबा घेऊन गेलो तेव्हा बाबा टाइम ऑफिसच्या दारात उभे होते आणि परेरा फाइल उघडून माझा कागद त्यांना मराठीत वाचून दाखवत होते. मला बघून परेरा थांबले. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "पोरा, तू हे असं कशाला केलंस रे? परेरा येईपर्यंत थांबा म्हणाला असतास, तर साहेब थांबला असता." बाबा तसेच मोठ्या साहेबाच्या केबिनमध्ये गेले. आत काय झालं ते परेरांनी मला खूप वर्षांनी सांगितलं. बाबा म्हणाले होते, हे माझ्या पोरानं लिहिलंय, मला वाचता येत नाही, चूक माझी आहे, मला काढा. साहेब म्हणाला, सही तुमची आहे. आणि आता हे रेकॉर्डवर आलंय, तुम्ही म्हणता म्हणून मी ते कसं पुसू?

त्या संध्याकाळी बाबांनी घरी येऊन हातपाय धुतले, स्वच्छ सदरा घातला आणि मला म्हणाले, चल. आई मध्ये पडली, म्हणाली, तुम्ही एकटे जा, तिथं पोराला नका नेऊ. तिला आजाराचीच भीती होती बिचारीला. बाबा म्हणाले, लिहिलंय त्यानं, सांगेल तोच.

मी पहिल्यांदाच त्या खोलीत पाऊल टाकलं. चूल विझलेली, कोपऱ्यात औषधाच्या बाटल्या ओळीनं लावलेल्या, खाटेवर काकी. मी मधोमध उभा राहून सांगितलं, काका, तो कागद मी लिहिला, बाबांना माहीत नव्हतं. काका भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मला एवढंच विचारलं, "खोटं हाय का त्यात काय?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग बस खाली, उभा का? आणि बाबांना म्हणाले, दादा, पोराला बोलू नका, आज ना उद्या व्हायचंच होतं. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात काकी उठून बसली. स्वतःच, कोपरावर भार टाकून. ती काकांकडे बघत होती.

"दुपारचं येत व्हता ते साहेबाला इचारून न्हाय?"

काका खाली बघत राहिले. मग कळलं, काकांनी तिला सांगितलं होतं की साहेबानं खास परवानगी दिलीय, बायको आजारी आहे म्हणून रोज अर्धा तास. आणि ती रोज पेज संपली की त्या साहेबाचं भलं चिंतायची, हे आईनंही सुट्टीच्या दिवशी ऐकलेलं. आता ती माझ्याकडे वळली. तिनं विचारलं, कागदावर माझं नाव हाय का? मी म्हटलं, नाही काकी. तर म्हणाली, मग हे कुठं जात व्हते म्हणून लिवलंस? मी म्हटलं, खाजगी कामाला.

"तुला तर ठावं व्हतं, अनंता. रोज दारावरनं जायचास."

"हो."

आणि ते मला ठाऊक होतं, अगदी चांगलं ठाऊक होतं. बायकोला भरवायला जातो, हे इंग्रजीत लिहायला अवघड नव्हतं. तेवढं इंग्रजी मला येत होतं. पण ते लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला काकांची दया आली असती, आणि मला ती नको होती, मला माझ्या बापाची बाजू वजनदार करायची होती. खुलासा करायला बसलो आणि त्यातला एकच भाग असा होता जो खुलासा होता, तोच मी गाळला.

कारखान्यात बाबांच्या शेजारी कुणी जेवायला बसेना. कुणी भांडलं नाही, टोमणाही मारला नाही. फक्त बाबा डबा उघडायचे तेव्हा बाकीचे नेमके हात धुवायला उठायचे. त्यांच्या जोडीला दुसरा माणूस दिला तो कामापुरतं बोलायचा. बाबांनी त्याबद्दल घरात कधी तक्रार केली नाही. मला मात्र त्यांनी पुन्हा कुठलाही कागद दाखवला नाही. घरभाड्याची पावतीसुद्धा परेरांकडून वाचून आणायचे. मी नववीत नापास झालो. कुणी रागावलं नाही. मग शाळाच सोडली आणि भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला लागलो.

शालिनीला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं एका घरात काढली, माझ्या खोड्या, माझी लफडी, माझी दारू, सगळं तिला माहीत होतं, हे नव्हतं. शेवटचे दोन महिने तिलाही चमच्यानं भरवावं लागायचं. मी फुंकून फुंकून भरवायचो. ती म्हणायची, हे कुठं शिकलात हो, मुलाला तर एकदाही भरवलं नाहीत. मी म्हणायचो, खा गप. तेव्हा सांगायला हवं होतं. ती ऐकून शिव्या घालणारी बाई होती, मोकळं झालो असतो. आता घरात ऐकणारं कुणी नाही म्हणून वहीत लिहितोय. वही काही म्हणत नाही.

काका-काकी पंधरा दिवसांनी गावी गेली. ती जायच्या आधीचं एक राहिलं सांगायचं. आम्ही त्यांच्या खोलीत जाऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा डबा घेऊन निघालो. काकांच्या दारावरून जायला दुसरी वाट नव्हती. मान फिरवून जाणार होतो, पण आतून चमचा वाजल्याचा आवाज आला. काकी खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. वाटी तिच्या मांडीवर होती आणि चमचा तिच्या स्वतःच्या हातात. हात एवढा थरथरत होता की तोंडापर्यंत जाईतो चमचा रिकामा होत होता. पेज लुगड्यावर सांडली होती, हनुवटीवरून ओघळत होती. काका समोर उकिडवे बसले होते, रोजच्याच जागी. त्यांना आता भट्टीवर परत जायची घाई नव्हती, पूर्ण दिवस त्यांचाच होता. त्यांनी वाटी घ्यायला हात पुढे केला. काकीनं मान हलवली आणि पुन्हा चमचा बुडवला.

काकांनी हात मागे घेतला आणि गुडघ्यावर ठेवला.

मी तिथून निघालो. डबा गरम होता, बाबा एकटेच वाट बघत असणार होते.